गळमाशी : बांधणी व साधने

गळमाशी : गळाच्या दांड्याभोवती पिसे, केस, लोकर, रेशीम, जर इ. पदार्थ दोऱ्याने गुंडाळून तयार केलेले कृत्रिम आमिष. पाण्यावर पडलेला कीटक, पाण्यात वाढणारी कीटकाची अळी किंवा एखादा लहान मासा यांचा भास मोठ्या माशाला व्हावा, हा तिचा उद्देश असतो. इंग्रजीतील ‘फ्लाय’ या शब्दावरून मराठीत तिला कृत्रिम माशी असेही म्हणतात. गांडूळ, कणकेचा गोळा किंवा कोळंबी या आमिषांना वास व चव असते; गळमाशीला यांपैकी काहीच नसते. त्यामुळे आकार, रंग व पाण्यातील हालचाल या तीनच गुणांवर तिचे यश अवलंबून असते आणि हे तिन्ही गुण बांधणीच्या वेळीच ठरतात. बांधणीची साधने थोडी व साधी असली, तरी त्यांच्या निवडीला यामुळे विशेष महत्त्व आले आहे. या साधनांचा इतिहास हा एका अर्थी त्यांनी हाताळलेल्या द्रव्यांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा सह्याद्रीच्या रानापर्यंत येऊन पोहोचतो.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : गळमाशीचा सर्वांत जुना सविस्तर उल्लेख ईलिअन या रोमन लेखकाच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात आढळतो. हा ग्रंथ इ. स. २०० च्या सुमाराचा आहे. मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रीअस नदीवरील मासेमार गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गलोलीखालील मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवीत. त्यांची काठी सहा फूट व दोरीही तेवढ्याच लांबीची असे, असे वर्णन त्याने केले आहे. येथे बांधणीसाठी कोणत्याही हत्याराचा उल्लेख नाही. बोटे व दोरा एवढ्यावरच काम भागत असावे. जपानमध्येही ‘केबारी’ नावाच्या कृत्रिम माश्यांची स्वतंत्र परंपरा आहे.

इंग्लंडमध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने १४९६ मध्ये छापलेल्या गळमासेमारीवरील प्रबंधात बारा माश्यांची कृती दिली आहे. या प्रबंधात हत्यारांची यादीही आहे; परंतु ती माशी बांधण्याच्या हत्यारांची नसून गळ घडविण्याच्या हत्यारांची आहे. त्या काळी मासेमार शिवणाच्या सुया तापवून, त्यांना उलटा काटा काढून व वाकवून स्वतःच गळ बनवीत आणि त्यासाठी त्याला लहान ऐरण, हातोडी, सांडशी व कणखर सुरी लागे. गळ बनविणे हे अवघड काम व माशी बांधणे हे सोपे काम, अशी तत्कालीन समजूत यावरून दिसते. पुढे गळनिर्मिती हा स्वतंत्र धंदा झाला. इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुया व गळ या दोन्हींसाठी प्रसिद्धीस आले, हा योगायोग नव्हे. तार ओढणे, टोक काढणे व पाणी देणे या क्रिया दोन्हींत समान आहेत. गळ विकत मिळू लागल्यावर मासेमाराचे कौशल्य बांधणीकडे वळले.

आयझाक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या १६५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला चार्ल्स कॉटन (१६३०–८७) याने १६७६ मध्ये दुसरा भाग जोडला. स्वच्छ वाहत्या पाण्यात ट्राउट मासा कसा धरावा, हा त्याचा विषय आहे. गळ डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांत धरून उजव्या हाताने माशी कशी बांधावी, याचे पायरीपायरीने वर्णन त्यात आढळते. हातात धरून बांधण्याची ही पद्धत सु. दोन शतके सर्वमान्य राहिली. १९१४ मध्ये टी. ई. प्राइस-टॅनट याने सॅमन माशीच्या बांधणीवर प्रसिद्ध पुस्तक लिहिले.

शेगड्याचा स्वीकार : हातातून शेगड्याकडे, म्हणजेच व्हाइसकडे, झालेला बदल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला व तो गळाच्या रचनेतील एका बदलाशी निगडित होता. पूर्वीच्या गळांना नेढे नसे. रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून ओढून काढलेला मजबूत तंतू गळाच्या दांड्याला दोऱ्याने बांधीत व त्यावरच माशीची बांधणी होई. बोटांत धरताना या तंतूचा आधार मिळत असे. मात्र तो गळाच्या तोंडाशी झिजून तुटला की सबंध माशी निरुपयोगी होई. १८८० च्या सुमारास नेढे असलेले गळ इंग्लंडमध्ये रूढ झाले. त्यांमुळे माशी तंतूपासून वेगळी झाली. हवी तेव्हा बदलता येऊ लागली. फ्रेडरिक हॅल्फर्ड (१८४४–१९१४) याने १८८६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या तरंगत्या माश्या अतिशय लहान गळांवर बांधाव्या लागत. इतका लहान गळ बोटांच्या चिमटीत स्थिर राहत नाही आणि बोटांनी झाकला गेल्याने दिसतही नाही. टेबलाच्या कडेला अडकविता येणारे लहान शेगडे त्यामुळे प्रचारात आले आणि विसाव्या शतकात ते जवळजवळ सार्वत्रिक झाले.

जॉर्ज केल्सनच्या १८९५ मधील ग्रंथाने सॅमन माशीला अलंकाराचे रूप दिले. एकेका माशीत दहा-पंधरा पक्ष्यांची पिसे ठरावीक क्रमाने बसविण्याची प्रथा पडली. अशा माशीसाठी अनेक धागे एकाच वेळी ताणून धरावे लागतात. पिसांचा चिमटा, वजनदार दोरागुंडी, टोच्या या साधनांना त्यामुळे महत्त्व आले.

भारतातील गळमाशी : भारतात नद्या-तलावांत गळ टाकून मासे धरण्याची प्रथा प्राचीन आहे, परंतु ती आमिषाच्या गळाची. कृत्रिम माशी ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर आली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये मंगलोर येथून भारतातील गळमासेमारीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व १८८७ मध्ये तलावांतील गळमासेमारीवर दुसरे पुस्तक लिहिले. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास युरोपीय ट्राउट रुजविण्यात आला. कुलू खोऱ्यात तो १९०९ मध्ये नेण्यात आला. निलगिरीतही ट्राउटची पैदास झाली. या थंड पाण्यात इंग्रजी माश्या जशाच्या तशा उपयोगी पडल्या. दख्खनच्या उष्ण पाण्यात मात्र प्रश्न वेगळा होता.

दख्खनमधील नद्यांतला प्रमुख खेळाऊ मासा म्हणजे महसीर. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याने १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील महसीराचे शास्त्रीय वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याच्या जातीला ‘खुद्री’ हे नाव दिले. टॉर खुद्री या शास्त्रीय नावात ते आजही टिकून आहे. मराठीत त्याला खडशी म्हणतात. या माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. परंतु त्याच्या तोंडाची पकड एवढी जबरदस्त असते की, ट्राउटसाठी केलेला बारीक तारेचा गळ तो चेपून किंवा सरळ करून टाकतो. म्हणून महसीराची माशी जाड तारेच्या, मोठ्या व कणखर गळावर बांधावी लागते. याउलट आळकुटासारखे लहान, पृष्ठभागाजवळ फिरणारे मासे अगदी बारीक माशीच घेतात. एकाच नदीवर दोन टोकांचे गळ लागत असल्याने हत्यारेही दोन्हींना पुरेशी पडणारी निवडावी लागतात.

देवळाली कॅम्प व परिसर : नासिकजवळील देवळाली येथे १८६१ मध्ये ब्रिटिशांनी लष्करी तळ उभारला. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी येथे येत व सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच राहत. सैन्याची जहाजे नोव्हेंबर ते मार्च या काळातच निघत. हंगाम चुकलेल्याला अनेक महिने रिकामे बसावे लागे. या कंटाळवाण्या प्रतीक्षेतून व हिवतापाच्या भीतीतून सैनिकांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ हा वेड लागण्याचा वाक्‌प्रचार रूढ झाला. त्यातील पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश असून दुसरा आपल्याकडील ‘ताप’ हाच आहे. येथील लष्करी परंपरा पुढेही चालू राहिली व तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून देवळाली आज ओळखले जाते.

हा तळ दारणेच्या खोऱ्यात आहे. दारणा ही गोदावरीची उपनदी असून इगतपुरी तालुक्यात तिच्यावर १९१६ मध्ये धरण पूर्ण झाले. छावण्यांतील अधिकारी हाच भारतातील गळमासेमारीच्या इंग्रजी पुस्तकांचा मुख्य वाचकवर्ग होता. विलायतेहून मागविलेली माशी त्याच्या हाती पडेपर्यंत अनेक महिने जात. पावसाळ्यातील दमट हवेत गळ गंजत, पिसांना कसर लागे. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत रेशीमतंतू ठिसूळ होऊन गाठीशी तुटत. वापरापूर्वी तो पाण्यात भिजवून मऊ करणे आवश्यक असे. अशा हवेत तयार माश्यांचा साठा करण्यापेक्षा हत्यारांची छोटी पेटी जवळ बाळगून लागेल तेव्हा माशी बांधणे शहाणपणाचे ठरते.

याच जिल्ह्यातील कारागिरीकडे पाहता असे दिसते की, माशीला लागणारी बहुतेक द्रव्ये व हत्यारे येथे परकी नव्हती. माशीच्या अंगावर गुंडाळण्याची चपटी, चकचकीत पट्टी व पैठणीच्या पदराची जर या एकाच कुळातील वस्तू होत. येवले हे रेशीम व जर यांच्या विणकामाचे जुने केंद्र नासिक जिल्ह्यातच आहे. तांब्या-पितळेच्या कामासाठी नासिक प्रसिद्ध असून लहान चिमटा किंवा दोरागुंडीची नळी घडविणे तेथील तांबटाला कठीण नाही. चांभाराची आरी टोच्याचे काम करते. त्याचे मेण व राळ यांचे मिश्रण दोऱ्याला लावण्यास योग्य असते. लाखेचे रोगण माशीच्या तोंडावरील गाठ पक्की करते. इंग्रजी पुस्तकांत ज्यांची नावे परकी व दुर्मिळ वाटतात, त्या वस्तूंपैकी पुष्कळशा देवळालीच्या बाजारापासून दूर नव्हत्या.

साधने व त्यांची निवड : गळमाशी बांधण्यासाठी शेगडा, कात्री, दोरागुंडी, पिसांचा चिमटा, टोच्या व गाठीचे हत्यार ही सहा साधने पुरेशी होतात. इतर साधने सोयीची असतात, आवश्यक नसतात.

(१) शेगडा : याचे जबडे पाणी दिलेल्या पोलादाचे असावेत. मऊ धातूच्या जबड्यांत काही दिवसांतच गळाच्या तारेचे चरे पडतात व त्यानंतर बारीक गळ घट्ट बसत नाही. परीक्षा करण्यासाठी वापरात येणारा सर्वांत जाड व सर्वांत बारीक असे दोन गळ पाळीपाळीने जबड्यात धरून दांडा बोटाने खाली दाबावा. गळ वाकून पुन्हा वर यावा. पण जबड्यात सरकू नये. गळ बाकाशी धरतात. टोक जबड्यात पूर्ण दडपल्यास ते बोथट होते वा मोडते. टेबलाच्या कडेला आवळण्याचा शेगडा स्थिर असतो; मात्र त्याला योग्य जाडीची कड लागते. प्रवासात किंवा छावणीच्या घडीच्या मेजावर जड बैठकीचा शेगडा सोयीचा पडतो. जबडे स्वतःभोवती फिरणारा शेगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झाला. त्याने माशीची मागील बाजू तपासता येते व जर सारख्या वेढ्यांनी गुंडाळता येते. परंतु शिकाऊ व्यक्तीला त्याची गरज नसते.

(२) कात्री : निदान दोन कात्र्या असाव्यात. बारीक, अणकुचीदार टोकांची कात्री केवळ पिसे व रेशीम यांसाठी राखून ठेवावी. जर, तार व जाड केस दुसरीने कापावेत. जरीवर एकदा चालविलेली कात्री पीस कापत नाही, चावते. कात्रीच्या कड्या बोटांत सैल बसतील एवढ्या मोठ्या असाव्यात. कारण पुष्कळ बांधणारे काम चालू असताना ती बोटांतच ठेवतात.

(३) दोरागुंडी : दोऱ्याचे लहान रीळ दोन लवचिक पायांत धरून दोरा बारीक नळीतून सोडणारे हे साधन आहे. तिच्या वजनाने दोरा सतत ताणलेला राहतो व हात मोकळे होतात. पायांचा दाब असा असावा की, ओढल्यास दोरा सुटेल. पण गुंडी लोंबत ठेवल्यास सुटणार नाही. नळीची कड गुळगुळीत असणे ही तिची मुख्य कसोटी होय. खरबरीत कडेवर रेशीम झिजते व माशी पूर्ण होण्याच्या बेतात असताना तुटते. नळीतून काही वेळ दोरा मागेपुढे ओढून त्याचे तंतू सुटतात की काय हे आधीच पाहावे. अलीकडील नळ्यांच्या कडेला चिनीमातीचे कडे बसविलेले असते.

(४) पिसांचा चिमटा : कोंबड्याच्या मानेचे लांब पीस दांड्याभोवती गुंडाळताना त्याचे टोक धरण्यासाठी हा स्प्रिंगचा चिमटा वापरतात. नेहमीच्या चिमट्याच्या उलट, दाबल्यावर तो उघडतो व सोडल्यावर मिटतो. त्याची पकड पीस निसटू न देणारी हवी आणि त्याच्या कडा पिसाची काडी कापतील इतक्या धारदार नसाव्यात. या दोन गरजा परस्परविरोधी असल्याने चांगला चिमटा सहज मिळत नाही. एका ओठावर रबराची बारीक नळी चढविल्यास साधा चिमटाही सुधारतो.

(५) टोच्या : मुठीत बसविलेली ही जाड सुई दोऱ्याखाली अडकलेले तंतू सोडविणे, लोकरीचे अंग विंचरून फुलविणे, नेढ्यात भरलेले रोगण काढणे व गाठीवर रोगणाचा थेंब ठेवणे या कामांसाठी लागते. दाभण किंवा आरी तिच्याऐवजी चालते.

(६) गाठीचे हत्यार : माशीच्या तोंडाशी दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली दाबून संपवितात. क्रिकेटच्या बॅटीच्या मुठीवरील दोरा संपविण्याची रीत हीच आहे. ही गाठ बोटांनीही उत्तम बसते. लहान गळावर मात्र तारेचे वाकडे हत्यार मदत करते. साध्या अर्ध्या गाठी घालण्यासाठी रिकाम्या बॉलपेनची निमुळती नळीही पुरते.

बांधणीची रीत : गळ शेगड्यात बसवून मेण लावलेला दोरा नेढ्यापासून बाकापर्यंत जवळजवळ वेढ्यांनी गुंडाळतात. बाकाशी शेपटीची पिसे बांधतात. नंतर जर व अंगाचे रेशीम अडकवून दोरा पुढे नेतात. मग रेशीम सलग व त्यावर जर विरळ वेढ्यांनी गुंडाळतात. अंगासाठी केस वा लोकर वापरायची असल्यास ती मेणलेल्या दोऱ्यावर बोटांनी पिळून वातीसारखी करतात. नेढ्याच्या मागे मानेचे पीस चिमट्याने तीन-चार वेळा गुंडाळतात. त्याचे उभे राहिलेले तंतू कीटकाचे पाय किंवा पाण्यातील हालचाल सुचवितात. शेवटी पंख बसवून, तोंड लहान ठेवून गाठ मारतात व रोगण लावतात. शिकाऊ व्यक्तीची नेहमीची चूक म्हणजे द्रव्य अधिक वापरणे व नेढ्याजवळ जागा न ठेवणे. प्रत्येक पायरीला लागतील तेवढेच वेढे घेतल्यास माशी बारीक, टिकाऊ व पाण्यात सजीव दिसते.

रानकोंबडा व पिसांचा व्यापार : सॅमन माशीच्या बांधणीत सर्वाधिक मागणी असलेल्या पिसांपैकी एक सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याचे आहे. फ्रेंच प्रवासी प्येअर सॉनेरा (१७४८–१८१४) याच्या नावावरून तेमिंक याने १८१३ मध्ये या पक्ष्याला गॅलस सॉनेराटी हे शास्त्रीय नाव दिले. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांशी काडी चपटी होऊन पिवळसर पांढरा, मेणासारखा किंवा मीनाकामासारखा चकचकीत ठिपका तयार होतो. माशीच्या दोन्ही बाजूंना असे एकेक पीस लावले की, लहान माशाच्या डोळ्याचा भास होतो. ‘जॉक स्कॉट’सारख्या प्रसिद्ध माशीत आणि अन्य शेकडो प्रकारांत ही जोडी अपरिहार्य मानली गेली. मोराची पिसेही याच मार्गाने इंग्रजी माश्यांत शिरली. याउलट बांधणीच्या पुस्तकांतील ‘इंडियन क्रो’ या पक्ष्याचा भारताशी काहीही संबंध नाही; तो दक्षिण अमेरिकेतील आहे.

रानकोंबड्याची मान त्वचेसकट सोलून विकत. पीस नराचेच लागे व विणीच्या हंगामानंतर ही पिसे गळून नराच्या मानेवर काही काळ साधी पिसे येत असल्याने, ऐन विणीच्या दिवसांत दिमाखात असलेला नरच शिकारीत सापडे. टोपी व पोशाख यांवरील पिसांच्या व्यापाराने तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील अनेक पक्ष्यांची कत्तल चालविली होती. त्यास आळा घालण्यासाठी भारत सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीला बंदी करणारा कायदा १९२१ मध्ये झाला. रानकोंबड्याच्या मानेचा व्यापार तरीही थांबला नाही. १९६० नंतरच्या दशकात तिच्या निर्यातीवर भारताने कडक निर्बंध लादले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्याला संरक्षण आहे. भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून १९६३ मध्ये घोषित झालेल्या मोरालाही ते आहे. परदेशांत आज वापरली जाणारी रानकोंबड्याची पिसे मुख्यतः तेथे पाळलेल्या पक्ष्यांची असतात.

जुन्या कृतीतील अस्सल पिसांचा हव्यास किती टोकाला जाऊ शकतो, हे २००९ मध्ये दिसून आले. इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांच्या कातड्या चोरीस गेल्या. त्यांत ॲल्फ्रेड रसेल वॉलिस याने जमविलेले नमुनेही होते. चोरी करणारा तरुण सॅमन माश्या बांधण्यात निष्णात होता. काही नमुने परत मिळाले. परंतु अनेकांची स्थळ-कालाची चिठ्ठी काढून टाकलेली असल्याने त्यांचे शास्त्रीय मूल्य नाहीसे झाले होते. वास्तविक माशी घेणारा मासा पिसाची जात ओळखत नाही. पाळीव कोंबडी, बदक व टर्की यांची रंगविलेली पिसे आणि कृत्रिम तंतू यांनी बांधलेल्या माश्या तितक्याच उपयुक्त ठरल्या आहेत. स्कॉटलंडमधील प्रख्यात कारागीर मेगन बॉइड (१९१५–२००१) हिच्या माश्यांना जगभर मागणी होती. पण ती स्वतः मासे धरीत नसे. बांधणीतील कौशल्य व शिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे बोलके उदाहरण होय.

नवी द्रव्ये : १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनने काही वर्षांतच रेशीमतंतूची जागा घेतली. तो भिजवावा लागत नाही, कोरड्या हवेत ठिसूळ होत नाही व हव्या त्या जाडीत मिळतो. बांधणीच्या दोऱ्यातही नायलॉन व पॉलिएस्टर आले. ते रेशमापेक्षा बारीक असूनही बळकट असल्याने वेढे कमी लागतात. मात्र ते ताणले जातात. म्हणून दोरागुंडीचा दाब रेशमापेक्षा जपून ठरवावा लागतो. दमट हवेत हत्यारांची निगा पूर्वीइतकीच आवश्यक आहे. वापरानंतर शेगडा व कात्री पुसून तेलाचा हात द्यावा. पिसे घट्ट झाकणाच्या डब्यात डांबरगोळ्यांसह ठेवावीत. भिजलेली माशी वाळविल्याशिवाय पेटीत घालू नये.

सद्यःस्थिती : स्वातंत्र्यानंतर छावण्यांतील ब्रिटिश शौकीन गेले; हौशी मासेमारांच्या संघटना मात्र टिकल्या. मुंबईतील पवई तलाव हे अशा मासेमारीचे जुने केंद्र आहे. तेथील भर कृत्रिम माशीपेक्षा आमिषाच्या गळावर राहिला. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅक्डॉनल्ड याचा महसीर व इतर खेळाऊ माशांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. धरणे, प्रदूषण, सुरुंगाने किंवा विषाने केलेली मासेमारी यांमुळे दख्खनच्या नद्यांतील महसीर घटला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा समूहाच्या जलविद्युत् प्रकल्पाच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात महसीराच्या कृत्रिम प्रजननाचे काम उभे राहिले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. तेथील बोटुकली देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. मात्र कावेरीत या निळसर पराच्या महसीराचा प्रसार झाल्यावर तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर अत्यंत विरळ झाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. एका नदीतील मासा दुसऱ्या नदीत नेताना सावधगिरी हवी, हा धडा त्यातून मिळाला.

मासा धरून परत पाण्यात सोडण्याची पद्धत आता हौशी मासेमारांत रूढ होत आहे. तिच्यासाठी उलटा काटा नसलेले गळ वापरतात. असे गळ न मिळाल्यास माशी बांधण्यापूर्वी साध्या गळाचा काटा शेगड्याच्या जबड्यात किंवा सपाट चिमट्यात धरून अलगद दाबतात. बांधणी झाल्यावर हे करू नये; कारण गळ तडकल्यास सर्व श्रम वाया जातात. मासा त्यामुळे लवकर व कमी इजा होऊन सुटतो. १४९६ च्या प्रबंधातील मासेमार ज्या कौशल्याने सुईला उलटा काटा काढीत असे, त्याच जपणुकीने आजच्या शेगड्यात तो मिटविण्यात येतो.